मुलांच्या वृषणालगतची गाठ : प्रत्येक सूज ही हायड्रोसील नसते

वाराणसी - नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गंगेच्या काठी बांधलेला भोसले घाट आणि तेथील लक्ष्मीनारायणाचे मंदिर काशीला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंच्या परिचयाचे आहे. मणिकर्णिकेच्या उत्तरेस असलेल्या या घाटामागच्या गल्ल्यांतून निघून शहराच्या दक्षिण टोकाला गेले की बनारस हिंदू विद्यापीठाचा परिसर लागतो. या परिसरात १९ फेब्रुवारी २०१९ रोजी महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्राचे उद्घाटन झाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या अखत्यारीतील हे रुग्णालय. त्याआधी २०१८ मध्ये लहरतारा येथील रेल्वेच्या जुन्या कर्करोग रुग्णालयाच्या जागी होमी भाभा कर्करोग रुग्णालय सुरू झाले होते. पूर्व उत्तर प्रदेश आणि पश्चिम बिहारमधील कर्करोगग्रस्त मुलांना घेऊन थेट परळ गाठण्याची पूर्वीची पद्धत या दोन रुग्णालयांमुळे बरीच बदलली.

घाट बांधणाऱ्यांचे नागपूर आणि घाट जेथे आहे ती काशी यांच्यात आणखी एक साम्य आहे. ते अभिमानाचे नाही. पूर्व विदर्भ आणि पूर्वांचल हे दोन्ही भाग हत्तीरोगाचे. डासांमार्फत पसरणाऱ्या या रोगात प्रौढ पुरुषांच्या वृषणकोशात पाणी साठते आणि तो मोठा होतो. पिढ्यान् पिढ्या हे दृश्य पाहिलेल्या समाजात वृषणकोशावरच्या कोणत्याही सुजेला ठरलेले एकच नाव मिळते. कोणी अंडवृद्धी म्हणतो, कोणी हायड्रोसील. एखाद्या मुलाच्या वृषणाशेजारी न दुखणारी, टणक गाठ तयार झाली तर तिलाही हेच नाव दिले जाते आणि गाठ काय आहे हे कळण्याआधीच तिचे निदान झाल्याचे समाधान घरच्यांना लाभते. प्रत्यक्षात हत्तीरोगामुळे होणारे हायड्रोसील बहुधा वयात आल्यानंतर दिसू लागते. चार वर्षांच्या मुलाच्या सुजेसाठी ते स्पष्टीकरण सहसा लागू पडत नाही.

मुलांमध्ये वृषण आणि त्यालगतच्या भागातील अर्बुदे दुर्मिळ आहेत. दरवर्षी एक लाख मुलांमागे साधारण अर्धा ते दोन एवढेच त्यांचे प्रमाण मानले जाते. बालवयातील घन अर्बुदांपैकी जेमतेम एक ते दोन टक्के. त्यामुळे गावातील डॉक्टरला आपल्या संपूर्ण कारकिर्दीत असा एकही रुग्ण पाहण्याचा प्रसंग येत नाही, असे घडू शकते. दुर्मिळ आजाराची खरी अडचण हीच असते. त्याचे औषध सापडलेले असते, परंतु त्याचा संशय कोणाला येत नाही.

वृषणाच्या आत आणि वृषणाच्या बाहेर

वृषणकोशात केवळ वृषण नसते. वृषणाच्या मागच्या बाजूस चिकटलेले अधिवृषण, पोटातून जांघेच्या मार्गाने खाली येणारी व रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी सामावून घेणारी वृषणरज्जू, तसेच या सर्वांवरची आवरणेही तेथे असतात. अर्बुद वृषणाच्या आत आहे की या लगतच्या ऊतींमध्ये, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

वृषणाच्या आतील अर्बुदांपैकी वयात येण्यापूर्वीच्या मुलांत बहुतेक वेळा आढळणारे दोन प्रकार म्हणजे टेराटोमा आणि योक सॅक अर्बुद. टेराटोमा या वयात सहसा निरुपद्रवी असतो आणि शक्य असेल तेथे वृषण वाचवून तेवढी गाठच काढता येते. योक सॅक अर्बुद मात्र कर्करोगच होय. ते रक्तात अल्फा फीटोप्रोटीन नावाचे प्रथिन सोडते, त्यामुळे साध्या रक्ततपासणीत त्याचा माग लागतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नवजात बालकांच्या रक्तात हे प्रथिन निसर्गतःच फार मोठ्या प्रमाणात असते आणि साधारण आठ महिने ते एक वर्षापर्यंत ते हळूहळू खाली येते. तीन महिन्यांच्या बाळाचा अहवाल मोठ्या माणसांच्या कोष्टकाशी ताडून पाहिला तर निरोगी बाळही आजारी ठरेल.

वृषणाबाहेरच्या गाठींपैकी अनेक निरुपद्रवी असतात. अधिवृषणातील पाण्याची गाठ, चरबीची गाठ, तंतुमय गाठ असे त्यांचे प्रकार आहेत. आपल्या देशात अधिवृषणाचा क्षयरोगही विसरून चालत नाही. तथापि मुलांमध्ये या जागी होणाऱ्या कर्करोगांत सर्वांत महत्त्वाचा आहे तो ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा. स्नायूंच्या अपरिपक्व पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींपासून तो बनतो. मुलांच्या मऊ ऊतींमधील कर्करोगांत याच प्रकाराचे प्रमाण सर्वाधिक असून डोळ्याची खोबण, मूत्राशय, हात-पाय असा तो कोठेही होऊ शकतो. एकूण रुग्णांपैकी सुमारे सात टक्के रुग्णांत तो वृषणालगत आढळतो. त्याची दोन वये ठळक दिसतात. एक ते पाच वर्षे हे पहिले आणि पौगंडावस्था, विशेषतः सोळा वर्षांच्या आसपासचा काळ, हे दुसरे.

या दोन वयांतील फरक केवळ वैद्यकीय नाही. लहान मुलाची गाठ अंघोळ घालताना आईच्या वा आजीच्या हाताला लागते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र ती स्वतःलाच कळते आणि तो बहुतेकदा कोणाला सांगत नाही. गाठ दुखत नाही, ताप येत नाही, शाळा बुडत नाही, मग सांगायचे तरी काय? आपल्याकडे मुलीच्या वयात येण्याबद्दल घरात निदान काही कुजबुज तरी होते, मुलाच्या शरीराबद्दल तेवढीही होत नाही. मोठ्या मुलांमध्ये हा कर्करोग पोटातील लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचण्याचे प्रमाण अधिक असते हे लक्षात घेता या मौनाची किंमत मोठी ठरते.

सुश्रुतांचे सात प्रकार

काशीच्या संदर्भात एक उल्लेख येथे अप्रस्तुत ठरू नये. काशिराज दिवोदास धन्वंतरी यांनी सुश्रुतांना दिलेला उपदेश या स्वरूपात सुश्रुतसंहिता रचलेली आहे. तिच्या निदानस्थानात वृषणकोशाच्या सुजेचे, म्हणजे 'वृद्धी'चे, सात प्रकार सांगितले आहेत. त्यांत पाणी साठून होणारी मूत्रवृद्धी वेगळी आहे आणि आतडे खाली उतरल्याने होणारी अंत्रवृद्धी वेगळी. मराठीतला 'अंडवृद्धी' हा शब्द त्याच परंपरेतला असला तरी बोलीभाषेत सातांचे एक होऊन बसले. प्राचीन शल्यविदांनी सर्व सुजांना एक मानले नव्हते, एवढे यातून निश्चित दिसते.

त्याच ग्रंथात मूत्रवृद्धीवर अणकुचीदार शस्त्राने छिद्र पाडून नळीद्वारे द्रव काढण्याचा उपाय आहे. पाणी असेल तर तो तर्कशुद्ध होता. अडचण अशी की गाठ कर्करोगाची असेल तर नेमकी हीच कृती टाळावी लागते. आजही काही ठिकाणी वृषणकोशात सुई घालून 'पाणी निघते का' हे पाहिले जाते. मुलांच्या बाबतीत सोनोग्राफीपूर्वी असे करू नये.

निदान कसे होते

पहिली तपासणी डॉक्टरांच्या बोटांनी आणि एका छोट्या विजेरीने होते. अंधाऱ्या खोलीत वृषणकोशाला विजेरी लावली असता आत पाणी असेल तर तो भाग लालसर उजळतो, घन गाठ असेल तर उजळत नाही. ही युक्ती उपयोगी असली तरी ती निर्णायक नाही. अर्बुदाभोवतीही थोडे पाणी साठू शकते आणि मग उजेड दिसला म्हणून गाठ दृष्टीआड होते.

जन्मजात हायड्रोसील अनेकदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसे होते. दिवसभरात त्याचा आकार कमी-जास्त होताना दिसतो. अंतर्गळाची सूज बाळ रडले की वर येते आणि निजले की जाते. तो आपोआप बरा होत नाही व त्यासाठी शस्त्रक्रिया लागते. अर्बुदाची गाठ मात्र येत-जात नाही. ती तेथेच राहते आणि वाढते. घरच्यांना समजण्याजोगी हीच सर्वांत सोपी खूण होय. जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके दिली आणि औषध संपल्यावरही गाठ तशीच राहिली, तर दुसरे औषध लिहून घेण्याऐवजी सोनोग्राफी करून घ्यावी.

वेगळा प्रसंग म्हणजे एकाएकी सुरू झालेली तीव्र वेदना. वृषणाला पीळ पडल्यास त्याचा रक्तपुरवठा थांबतो आणि साधारण सहा तासांच्या आत तो सोडवला नाही तर वृषण गमावण्याचा धोका वाढत जातो. अशा वेळी तपासण्यांच्या रांगेत न थांबता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. या लेखातील बाकीचा मजकूर अशा मुलाला लागू नाही.

सोनोग्राफी ही स्वस्त, वेदनारहित आणि किरणोत्सर्गाविना होणारी तपासणी आहे. तालुक्याच्या ठिकाणीही ती उपलब्ध असते. गाठ घन की द्रवमय, वृषणाच्या आत की बाहेर, तिच्यातील रक्तप्रवाह कसा आहे, हे तीत कळते. गाठ कर्करोगाची आहे किंवा नाही याची खात्री मात्र सोनोग्राफी देऊ शकत नाही. रक्तातील अल्फा फीटोप्रोटीन आणि बीटा एचसीजी या खुणा शस्त्रक्रियेपूर्वीच तपासून ठेवल्या जातात. ऱ्हॅब्डोमायोसार्कोमात त्या सामान्य असतात. म्हणूनच 'रक्ताचा अहवाल चांगला आहे' या वाक्याने निर्धास्त होणे योग्य नाही. अंतिम निर्णय काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शकी तपासणीतच होतो. पेशी स्नायूकुळातील आहेत हे दाखवण्यासाठी डेस्मिन आणि मायोजेनिन या प्रथिनांची विशेष चाचणी होते. काही केंद्रांत फॉक्सओ-वन या जनुकाचा जोड तपासला जातो, कारण तो आढळल्यास आजार अधिक आक्रमक मानला जातो. सुदैवाने वृषणालगतचे बहुसंख्य रुग्ण सौम्य समजल्या जाणाऱ्या एम्ब्रायोनल गटातील असतात.

चीर कोठे द्यायची

उपचारातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय वरकरणी किरकोळ वाटतो. गाठ वृषणकोशात आहे, मग चीरही तेथेच द्यावी असे सामान्य माणसाला वाटेल. कर्करोगाचा संशय असताना मात्र चीर जांघेत द्यावी लागते. वृषणरज्जू वरच्या टोकाला बांधून वृषण, अधिवृषण आणि गाठ हे सर्व एकसंध बाहेर काढले जाते.

यामागचे कारण वृषणाच्या जन्मकथेत आहे. गर्भावस्थेत वृषणे मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि नंतर खाली उतरतात. उतरताना ती आपल्या रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या सोबत आणतात. त्यामुळे वृषणातील लसिका पोटाच्या मागच्या भागातील, महारोहिणीलगतच्या ग्रंथींकडे जाते. वृषणकोशाची त्वचा मात्र जांघेतील ग्रंथींशी जोडलेली असते. त्वचेतून चीर दिली किंवा सुई घातली की कर्करोगाच्या पेशींना एरवी बंद असलेला दुसरा मार्ग खुला होतो. मग व्रणाभोवतीची त्वचा पुन्हा कापून काढणे, अधिक औषधे किंवा किरणोपचार देणे अशी वेळ येऊ शकते. हायड्रोसील समजून केलेल्या शस्त्रक्रियेत अचानक घन गाठ सापडते, तेव्हा नेमके हेच घडते. पूर्वी केलेली सोनोग्राफी हा प्रसंग टाळू शकते.

एक वृषण काढावे लागेल हे ऐकून पालकांच्या मनात येणारा पहिला प्रश्न बहुधा उच्चारला जात नाही, पण तो असतोच. मुलगा पुढे बाप होऊ शकेल का? एक निरोगी वृषण पुरुषी संप्रेरके आणि शुक्राणू या दोहोंसाठी सहसा पुरेसे असते. खरा परिणाम होऊ शकतो तो काही औषधांचा व किरणांचा, आणि तो त्यांच्या एकूण मात्रेवर अवलंबून असतो. वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू उपचारापूर्वी गोठवून ठेवण्याची सोय मोठ्या शहरांत आहे. त्याबद्दल केमोथेरपीची पहिली बाटली लागण्यापूर्वीच विचारावे. नंतर विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.

दहा वर्षांची रेषा

शस्त्रक्रियेनंतर छाती व पोटाचे सीटी स्कॅन करून आजार कोठपर्यंत पोहोचला आहे हे पाहिले जाते. येथे वयाची एक रेषा आखलेली आहे. दहा वर्षांखालील मुलाच्या स्कॅनमध्ये ग्रंथी सामान्य दिसत असतील तर त्या काढल्या जात नाहीत. दहा वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या मुलांमध्ये मात्र स्कॅन स्वच्छ असला तरी त्या बाजूच्या पोटातील ग्रंथी शस्त्रक्रियेने तपासण्याची शिफारस केली जाते.

ही रेषा अनुभवातून आली आहे. अमेरिकेत १९७२ पासून अनेक रुग्णालयांनी मिळून या कर्करोगाचे एकत्रित अभ्यास सुरू केले. १९९१ ते १९९७ या काळातील चौथ्या अभ्यासात ग्रंथींसाठी शस्त्रक्रियेऐवजी केवळ सीटी स्कॅनवर भर देण्यात आला. मुलांची एक मोठी शस्त्रक्रिया टळावी हा हेतू चांगलाच होता. परंतु मोठ्या मुलांमध्ये स्कॅनला न दिसलेला आजार मागे राहिला, त्यांना उपचार कमी मिळाले आणि ग्रंथींमध्ये तो पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण वाढले. त्यानंतर मोठ्या मुलांसाठी ग्रंथीतपासणी पुन्हा आली. एखादे डॉक्टर 'स्कॅन चांगला असूनही ऑपरेशन हवे' असे सांगतात तेव्हा पालकांना संशय येणे स्वाभाविक आहे. त्यामागचा हा इतिहास ठाऊक असलेला बरा.

सदाफुली आणि मातीतील जिवाणू

शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण निघाली तरी केमोथेरपी टळत नाही. न दिसणाऱ्या पेशी अन्यत्र पोहोचलेल्या असू शकतात, या गृहीतकावर तिचा पाया आहे. व्हिन्क्रिस्टीन, डॅक्टिनोमायसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही तीन औषधे जगभर वापरली जातात. युरोपात तिसऱ्या औषधाऐवजी आयफॉस्फमाइड वापरण्याची रीत आहे, तर अगदी कमी जोखमीच्या काही मुलांना पहिली दोनच औषधे पुरतात. कमी जोखमीच्या आजारात उपचार साधारण २२ ते २४ आठवडे चालतात, जोखीम अधिक असेल तर त्याहून बरेच जास्त. ग्रंथींमध्ये आजार सापडल्यास किरणोपचाराची भर पडते.

व्हिन्क्रिस्टीन हे मूळचे आपल्या अंगणातील सदाफुलीच्या पानांतून मिळालेले औषध. अमेरिकेत १९६३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. डॅक्टिनोमायसिन हे सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४० मध्ये मातीतील जिवाणूपासून वेगळे केले गेले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी १९५२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे वाक्समन ते हेच. सदाफुलीचे नाव ऐकून घरी पाने चावून खाण्याचा मोह कोणाला होऊ नये. पानांत औषधी द्रव्य अत्यल्प असते, सोबत इतर विषारी द्रव्ये असतात आणि शिरेतून मोजून दिलेल्या मात्रेची जागा ती घेऊ शकत नाहीत.

दुष्परिणाम होतात. केस गळतात, तोंड येते, पांढऱ्या पेशी कमी झाल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. व्हिन्क्रिस्टीनमुळे बद्धकोष्ठता आणि पायांचा अशक्तपणा येऊ शकतो. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला ताप आला तर तो घरगुती औषधाने उतरवण्याचा प्रयत्न न करता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, हा नियम सर्वच केंद्रांत कटाक्षाने सांगितला जातो.

फलित काय? हा आजार एका जागी असताना योग्य उपचार मिळालेल्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले पाच वर्षांनंतर जिवंत असल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसते. फुप्फुसांत किंवा हाडांत पसरल्यावर हे चित्र बरेच बिघडते. १९७० च्या आसपास या कर्करोगाच्या सर्व जागांचे मिळून जेमतेम एकचतुर्थांश रुग्ण वाचत असत. आज साधनसंपन्न देशांत हे प्रमाण सुमारे ७० टक्के आहे.

उपचार कोठे

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. २०३० पर्यंत ते जगभर किमान ६० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केले. ही दरी औषधांच्या अज्ञानामुळे नाही. उशिरा झालेले निदान आणि अर्धवट सोडलेले उपचार ही तिची मोठी कारणे आहेत. सहा महिने रुग्णालयाजवळ राहणे म्हणजे बापाची मजुरी बुडणे आणि धाकट्या भावंडांना आजोळी पाठवणे. गाठ गेली, मूल हसू-खेळू लागले की उरलेली इंजेक्शने अनावश्यक वाटू लागतात.

वाराणसीतील दोन कर्करोग रुग्णालयांशिवाय विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयातही शल्यचिकित्सेची सोय आहे. महाराष्ट्रात परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ पासून कार्यरत आहे. विदर्भातील कुटुंबांसाठी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय जवळचे. मुंबईत निवासासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अनेक रुग्णांना आधार देते आणि लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेने २००६ पासून विनामूल्य निवासकेंद्रे चालवली आहेत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसी वर्गात पूर्ण, तर सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के भाडेसवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.

पहिली शस्त्रक्रिया गावाकडे झाली असेल तर मोठ्या केंद्रात जाताना केवळ कागदी अहवाल नेऊन भागत नाही. पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतून काचेच्या पट्ट्या आणि गाठीचा मेणात जपलेला तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात, मागून घ्यावा. दुर्मिळ अर्बुदांच्या बाबतीत तज्ज्ञांनी केलेल्या फेरतपासणीत पहिले निदान बदलण्याची शक्यता असते. शस्त्रक्रियेची टिपणेही घ्यावीत. चीर जांघेत होती की वृषणकोशावर, हे त्यांतच लिहिलेले असते आणि नवे डॉक्टर सर्वप्रथम तेच विचारतात.